नट सोडवण्याची अधिकृत दिशा

निवृत्त हेडक्लार्कांच्या रिमोटवरच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाचा नट शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता अडकल्याचं निदर्शनास आलं. रिमोटवरच्या गाड्यांच्या क्लबची वार्षिक शर्यत रविवारी चारला होती. सलग सहा वर्षं त्यांचा धाकटा भाऊ पहिला येत होता आणि बक्षीस हातात घेऊन "दादा, पुढच्या वेळी," म्हणत होता. यंदा नवे टायर चढवून त्याची जिरवायचीच, असा चंग हेडक्लार्कांनी बांधला होता. त्यासाठी चाक निघायला हवं होतं, आणि चाकासाठी नट.

खरं तर पाना घेतला की दोन मिनिटांचं काम. पण क्लबच्या नियमावलीप्रमाणे कोणत्याही नटाला सभासदाने परस्पर हात लावायचा नव्हता, अर्ज करायचा होता. नियमावली हेडक्लार्कांनीच लिहिली होती आणि तिच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला.

क्लबचे तांत्रिक सदस्य तातडीने घरी आले. गाडी मांडीवर घेऊन त्यांनी नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जोरात पिळला आणि शेरा मारला, 'नट घट्ट आहे. याच दिशेने कार्यवाही चालू ठेवावी.'

"अहो, असं फिरवलं की बरणीचं झाकण बंद होतं," हेडक्लार्कांची बायको म्हणाली. "उलटं फिरवा की."

"तू सभासद आहेस का?"

"नाही हो. मी नुसती झाकणं उघडते."

हेडक्लार्कांना मनातून पटलं. गाडीसकट क्लबात जाऊन त्यांनी भीत भीत सचिवांकडे विषय काढला. सचिवांनी चष्मा उतरवला.

"उलटं फिरवायचं तर तांत्रिक सदस्यांची चूक झाली, असं आधी कागदावर आणावं लागेल. लिहिता?"

हेडक्लार्कांच्या अंगावर काटा आला. उभ्या नोकरीत असलं काही त्यांनी लिहिलं नव्हतं.

मग सचिवांनी त्याच दिशेने पाव फेरा दिला आणि सही केली. उपाध्यक्षांनी पान्याला लोखंडी नळी जोडून आणखी थोडा दिला. अध्यक्ष रविवारी दुपारी आले. पदाला शोभेल असा जोर लावता यावा म्हणून ते टेबलावर चढले. कट्कन आवाज झाला, चाकाचा दांडाच तुटला आणि नटासकट चाक घरंगळत कपाटाखाली गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

'चाक निघाले. अर्ज निकाली,' अध्यक्षांनी लिहिलं. खाली 'समाधान झाले' अशी सही हेडक्लार्कांनी केली.

चार वाजता त्यांची तीन चाकांची गाडी सुरुवातीच्या रेषेवरच गोल गोल फिरत राहिली. धाकटा सातव्यांदा बक्षीस घेऊन आला.

"दादा, उलटं फिरवून नाही पाहिलंस?"

हेडक्लार्कांना रडूच आलं. "तू देतोस का तसं लिहून?"

धाकटा क्लबचा खजिनदार होता. तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

वाचकहो, मघाशी तुम्हीही हसता हसता हवेत मनगट फिरवून पाहिलंत. बरोबर दिशा तुम्हाला एका झटक्यात सापडली. आता तीच उद्या तुमच्या साहेबांच्या शेऱ्याखाली लिहा आणि सही करा.

काय म्हणता, पेन चालत नाही?