शुक्रवारचा लीक

धाड गावच्या ‘लिटल लंडन’ बालवाडीच्या डबा-धोरणानुसार दर शुक्रवारी प्रत्येक पाल्याने लीक या कांद्याच्या कुळातल्या विलायती दांड्याची भाजी आणणे बंधनकारक आहे. धोरण परदेशातल्या कुठल्याशा शाळेचे असून ते जसेच्या तसे स्वीकारण्यात आले आहे. विहित भाजी न आणणारे मूल ओळीत जेवत नाही; ते दाराबाहेर ‘निरीक्षणार्थ’ बसते. माझी समता तिथेच बसायची.

आठवडी बाजारात लीक मिळेना. मी पुण्याहून बी मागवले, परसात वाफा केला. दांडे पांढरे राहावेत म्हणून बुंध्यांना माती चढवत राहिले. सासरे, शेषराव, रोज एक दांडा उपटून खाली बघत.

“सूनबाई, याले कांदा काऊन नाही धरून राह्यला?”

“मामाजी, याला कांदा धरतच नाही. दांडाच खायचा.”

“मंग हे पीक हाय का फसवणूक?”

हिवाळा सरता सरता दांडे मनगटाएवढे झाले. लोण्यात परतून डबा भरला, खातरजमेसाठी एक अख्खा दांडाही सोबत नेला. मुख्याध्यापिका जयमाला मॅडमनी तो दोन बोटांत धरला.

“लीक असा राह्यते का कुठं? ते पोरांचे डबे पाहा.”

पाहिले. झाडून सगळ्या डब्यांत कांद्याची पात होती.

“भाभी, सगळे पातच टाकतात,” आमीरची आई गौसिया कानाशी म्हणाली. “तुमाले कोणी सांगितलं नाही का?”

अज्ञात वनस्पती आढळल्यामुळे समताला दारावरून गेटजवळ हलवण्यात आले आणि तातडीची पालकसभा भरली. ठराव असा: कांद्याची पात हाच लीक असून अन्य कोणताही लीक हा लीक नव्हे. विरोध असणाऱ्यांनी पाल्याचा दाखला सोबत न्यावा, अशी सोयही होती.

गेटच्या गजांतून समता माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

समता आता ओळीत बसते, पात खाते, तिला लीक ओळखण्यात ‘उत्कृष्ट’ शेरा आहे. परवा वाफ्यापाशी थांबून तिने विचारले, “मम्मी, हे काय हाय?”

“गवत,” मी म्हटले.

हसा खुशाल. फक्त मागच्या पालकसभेत तुमचा हात कुठे होता, तेवढे आठवा.