लॉपसायडेडला दोन बाजू लागतात

"साळवी, तुमची मिशी लॉपसायडेड आहे." परेरा सर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. गास गावात फ्लॅट घेऊन आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. घरी जाऊन मी मिशी उजवीकडे जरा कापली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. जेवायला बसलो तेव्हा मिशी उरलीच नव्हती. बायकोनं ताट हातात धरूनच विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

आमच्या इमारतीला लागूनच सरांचं कौलारू घर. पत्नी मार्थाबाई गेल्यापासून सर तिथे एकटेच. जन्मभर इंग्रजी शिकवलं. शाळा सुटली, हा शब्द काही सुटला नाही. गल्लीतली क्रिकेटची मॅच एकतर्फी झाली, लॉपसायडेड. बाजारातली पपई एकीकडे फुगलेली, लॉपसायडेड. आमच्या घरातलं भांडण त्यांच्या ओट्यावर ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कालचं आर्ग्युमेंट फारच लॉपसायडेड झालं. तुमचा आवाजच आला नाही."

एकदा मी शहाणपणा केला. "सर, लॉपसायडेड म्हणजे वाकडंच ना?"

सरांनी चष्मा काढला. "वाकडा एकटा खिळासुद्धा असतो. लॉपसायडेडला दोन बाजू लागतात. एक जड, एक हलकी. दोन असतील तरच वापरायचा."

आणि अशा माणसाच्या ओट्यावरचा झोपाळा मात्र डावीकडे चांगला वीतभर कललेला. सर उजवीकडे बसायचे आणि बोलता बोलता डावीकडे घसरत जायचे. माझ्या मुलीला ते हौसेनं इंग्रजी शिकवतात. आपणही त्यांचं काहीतरी करावं, म्हणून परवाच्या रविवारी सर चर्चमध्ये मिस्साला गेलेले पाहून मी आमच्या ग्रिलवाल्याला घेऊन तिथे गेलो. तो डाव्या साखळीच्या कड्या कमी करायला लागणार, इतक्यात सर फाटकात.

"राहू दे," ते त्याला म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता.

"पण सर, लॉपसायडेड आहे," मी म्हणालो.

"मीच केलाय. मार्था बुटकी. तिचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून तिची बाजू खाली घेतली. मग काय, मी सारखा घसरून तिच्या अंगावर. ती म्हणायची, 'सर, शिस्तीत बसा.'"

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शब्द मात्र बरोबर वापरलात, साळवी. दोन बाजू आहेत ना."

ग्रिलवाला अवजारं आवरून गेला. सर उजवीकडे बसले, माझ्या मुलीच्या स्पेलिंगच्या तक्रारी सांगू लागले, आणि सांगता सांगता सरकत डावीकडे आले. अगदी टोकापर्यंत नाही. एका बुटक्या माणसापुरती जागा सोडून त्यांनी पाय टेकवला आणि थांबले.