खोकला नक्की कुणाला?

"खोकल्याचं औषध आणायला तू कशाला हवीस? चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवतोय मी! हा गेलो नि हा आलो!" परदेशातल्या हॉटेलच्या खोलीत काका काकूंना म्हणाले. माणसाने फुशारकी मारावी, पण बायकोच्या खोकल्यावर मारू नये. काकूंना हसूही परवडत नव्हतं, हसलं की उबळ यायची.

समोरच्याच दुकानात पांढऱ्या कोटातली बाई उभी होती. भाषांतर करून बोलणारा मोबाइल काकांनी पुढे धरला. "खोकल्याचं औषध द्या. बायकोसाठी."

औषध राहिलं बाजूला, बाईने प्रश्नच सुरू केले. खोकला कधीपासून? कोरडा की कफ पडतो? दुसरी कुठली औषधं चालू आहेत?

अर्ध्या गावाच्या गोळ्या काकांना तोंडपाठ! आणि घरातलीच्या? सकाळी ती एक गुलाबी गोळी घेते, एवढंच आठवलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुलाबी" एवढ्यावर भागेना, तशी त्यांनी थाप मारली. "औषध मलाच हवंय!"

"मग खोका," बाई म्हणाली.

काका खोकले. असे खोकले, की चेहरा लालबुंद, डोळ्यांना धारा! बाईने घाबरून त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला. मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला, "रक्तदाब फार वाढलाय. तुम्हाला हे औषध चालणार नाही. मुळीच हलू नका!"

अर्ध्या तासाने काकू शोधत आल्या. "अगं बाई! अहो, काय झालं तुम्हाला?"

"तुझा खोकला," काका पुटपुटले.

काकूंनी मोबाइल घेतला नि घडाघडा सांगितलं. खोकला कोरडा, तीन महिने झाले. गुलाबी गोळी रक्तदाबाची, तिचं हे नाव, ह्यांच्याच दुकानातली.

"त्या गोळीनेच काहींना असा खोकला येतो," बाई म्हणाली. "डॉक्टरांना विचारून बदलून घ्या."

काकांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! शंभर गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः सांगितलं होतं. त्यांचा जीव कळवळला.

"तीन महिने? अगं, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की! दुकानात येऊन सांगितलं. तुम्ही वर न बघता चार चघळायच्या गोळ्या हातावर ठेवल्यात नि म्हणालात, 'हं, पुढचं कोण?'"