डबा यांगशुओला गेला त्याची गोष्ट

ही २०१६ सालची गोष्ट. शाळेला सप्टेंबरची सुट्टी लागली आणि ऑकलंडजवळच्या पापाकुराचा चंद्रशेखर बायको मृदुला, मुलगी अनुष्का आणि आईला घेऊन चीनमधल्या यांगशुओला निघाला. नदीकाठचं गाव, भोवती उभे हिरवे डोंगर. सायकल, बांबूचा तराफा आणि शेवटी दोर बांधून कड्यावर चढाई, असा त्याचा बेत. घरचा कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत नेताना धापा टाकणारा हा माणूस ऑफिसात सांगून आला होता, "हीप्स ऑफ क्लाइंबिंग करणारे."

त्याच्या आईने, सरलाबाईंनी, बेसनाचे लाडू घेतले होते. ज्या स्टीलच्या डब्यात घेतले, त्याच्या झाकणावर त्यांच्या आईने लग्नात 'सरला' असं नाव कोरून दिलं होतं. सासर, बदल्या, न्यूझीलंड, सगळीकडे हा डबा बरोबर आला. नवरा मध्येच गेला, डबा टिकला.

लॉजची मालकीण वेईबाई हसतमुख होती. सरलाबाईंनी लाडवांसकट डबाच तिच्या हातात ठेवला. सकाळी डबा परत आला, पपनसाच्या सालीच्या वड्यांनी भरून. सरलाबाई आधी खूश झाल्या, मग त्यांचा चेहरा उतरला.

"आता हिला काय देऊ?"

"आई, डबा आला ना परत? विषय संपला," चंद्रशेखर म्हणाला.

"भरून आलाय. त्याची परतफेड कशाने करू, तुझ्या हेल्मेटने?"

त्यामुळे भातशेतांमधून ठरलेली सायकलची सफर साखर आणि लवंगा शोधण्यात गेली. संध्याकाळी साखरभात भरून डबा वेईबाईकडे रवाना झाला.

दुसऱ्या दिवशी तराफा नदीच्या मधोमध असताना मागून दुसरा तराफा आला. त्यावर वेईबाई उभी, हातात डबा. दोन्ही तराफे एकमेकांवर आदळले, चंद्रशेखर कमरेपर्यंत भिजला, डबा मात्र सुखरूप पोचला. अनुष्काने झाकण उघडलं.

"आजी! देअर आर स्नेल्स इन युअर डब्बा!"

मसाला भरलेल्या गोगलगायी होत्या. साध्या अंड्याला न शिवणाऱ्या सरलाबाई तोंडभर हसून म्हणाल्या, "अय्या, कशाला एवढं!" आणि मग वेईबाईची पाठ वळताच सुनेला, "मृदुला, डबा वाळूने घास. दोनदा."

तिसरा दिवस कड्याचा. खाली दोर धरायला वेईबाईचा भाचा होता. चंद्रशेखर कसाबसा अर्ध्यावर पोचला, तेवढ्यात सरलाबाई गरम शिऱ्याचा डबा घेऊन आल्या. वेईबाईने पहिला घास भाच्यालाच भरवला. भाच्याने एका हाताने दोर आवळून धरला आणि दुसरा हात डब्यात घातला.

"आई!" वरून आवाज आला. "त्याला खायला देऊ नकोस! मला खाली घ्यायला सांग!"

"गरम आहे तोवर खाऊ दे त्याला. तू कुठे पळून चाललायस?"

शिरा संपल्यावर चंद्रशेखर खाली आला. पण डबा वेईबाईकडे राहिला आणि सकाळी तर निघायचं होतं. रात्रभर सरलाबाई पेचात. डबा आपल्याकडे असला की देणं आपल्याकडे. देणं फिटलं की डबा तिच्याकडे.

"मागून घेऊ का?" मृदुलाने विचारलं.

"भिकारी आहोत का आपण?"

बस सुरू झाली आणि वेईबाई धावत आली. तिने खिडकीतून डबा सरलाबाईंच्या मांडीवर ठेवला. जड होता.

"थांबवा बस!" सरलाबाई ओरडल्या. "मृदुला, पर्समध्ये बघ, गोळ्या, बिस्किटं, काहीही!" बस थांबली नाही. मागे वेईबाई जिंकल्यासारखी हात हलवत होती.

ऑकलंड विमानतळावर बाहेरून आणलेलं खाणं दाखवावं लागतं, म्हणून चंद्रशेखरने डबा पुढे केला. तपासणीच्या मुलीने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून झाकण उघडलं, पुन्हा गोगलगायी. तिने त्या काढून घेतल्या, डबा स्वच्छ करून दिला. सरलाबाईंनी आत पाहिलं.

"रिकामा?"

"आई, चला," मृदुला म्हणाली.

"अगं, आजवर कुणी माझा डबा असा परत दिला नव्हता! चिमूटभर साखर तरी घालायची. सरकार आहे ना हे?"

पुढे चंद्रशेखरचा कड्यावर लटकलेला फोटो ऑफिसात लागला. खालचा शिरा खाणारा भाचा त्याने कापून टाकला होता. पुन्हा तो कशावर चढला नाही. मृदुला तेव्हापासून कुणालाही काही द्यायचं तर आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून देते, ते कुणी परत करत नाही. अनुष्काने शाळेत चिनी भाषा घेतली, मराठीत मात्र अजून उत्तर देत नाही. भाचा ऑकलंडला शिकायला आला आणि २०१९ मध्ये त्याला भेटायला वेईबाई आली. ती परत जायला निघाली तेव्हा सरलाबाईंनी विमानतळावर, ती आत शिरता शिरता, चिवड्याने भरलेला डबा तिच्या हातात कोंबला आणि मागे न बघता गाडी गाठली. घरी आल्यावर फडताळातली रिकामी जागा बराच वेळ पुसत बसल्या.

महिन्याभराने अनुष्काच्या फोनवर डब्याचा फोटो आला. 'सरला'च्या खाली आता चिनी अक्षरं कोरलेली होती.

"हर नेम, आजी," अनुष्का म्हणाली.

सरलाबाईंनी चष्मा लावला. अक्षरांवरून एकदा हळूच बोट फिरवलं आणि मग एकदम फोन डोळ्यांजवळ नेला.

"मृदुला, इकडे ये गं. हे झाकण जरा वर उचलल्यासारखं दिसतंय. आत काहीतरी भरलंय मेलीने."