वझेकाकांचं क्रपनित्से

वझेकाकांना "कसे आहात?" असं विचारलं, की ते पाण्याची पातळी सांगतात.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही नोव्हायमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मार्च महिना होता, बर्फ वितळत होता. शेजारचे मराठी काका ड्राइव्हवेवर उभे दिसले म्हणून मी आपुलकीनं विचारलं, "काय काका, कसं काय?"

"गुडघाभर आहे," काका म्हणाले. "गिरणीपाशी मांडीपर्यंत. पण ओढ नाही फारशी."

मिशिगनमध्ये वितळत्या बर्फाच्या दिवसांत कोणी पाणी म्हटलं, की माणसाच्या डोळ्यांसमोर फक्त बेसमेंट येतं. मी धावत गराजमधून पंप आणला. काकांनी मला पंपासकट आत घेतलं, चहा टाकला. बेसमेंट कोरडं ठणठणीत होतं.

"काका, पाणी कुठंय?"

"क्रपनित्सेला. क्राव्का नदीला."

मला वाटलं, असेल इथंच कुठंतरी, लान्सिंगच्या पलीकडं. तर ते निघालं चेक देशात. "क्र म्हणताना जिभेला घाई करू देऊ नकोस," काका म्हणाले. "आणि बस जरा. आधी भूगोल, मग इतिहास."

मग त्यांनी टेबलावर मिसळणाचा डबा ठेवला. तो डोंगर. त्याला वळसा घालून जाणारी नदी म्हणजे पंपाचा पाइप. डाव्या तीरावर साखरेचं भांडं, म्हणजे कांद्यासारख्या घुमटाचं चर्च. उजव्या तीरावर लाकूड कापायची गिरणी. खोरं इतकं अरुंद, की हिवाळ्यात दुपारी जेवण होईतो ऊन डोंगरामागं जातं. महायुद्ध संपल्यावर गावातली जर्मन बोलणारी माणसं एका उन्हाळ्यात हाकलून दिली गेली आणि वरच्या आळीतली घरं ओस पडली. काका हे सगळं डोळे मिटून, पाढे म्हटल्यासारखं सांगत होते. अडखळले की मागं जाऊन पुन्हा सुरू करत होते.

मी घरी आलो तेव्हा माझी बायको प्राजक्ता म्हणाली, "काय झालं? पाणी काढलंस?"

"नाही. कुणाच्या तरी गिरणीपाशी मांडीपर्यंत आहे."

आमची ईरा तेव्हा आठवीत होती. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "इज ही ओके?"

या प्रश्नाचं उत्तर पुढं बराच काळ आमच्याकडं नव्हतं. वझेकाका मूळचे सांगलीचे. आयुष्यभर इथल्या मोटारींची इंजिनं डिझाइन केली आणि रिटायर झाले. शैलाकाकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या, मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला. माणूस अगदी सरळ. बोलता बोलता मधेच चेक देशात जायचा, एवढंच. सगळे आपापला पदार्थ घेऊन जमायचे त्या पॉटलकला कोणी पुण्यातल्या पुलांचा विषय काढला, की काका म्हणायचे, "तसं नाही ते. पूल गिरणीच्या वरच्या अंगाला आहे." ज्यांनी विषय काढला ते बिचारे लकडी पुलाजवळ गिरणी आठवत बसायचे.

एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरास काकांनी अंगावर घेतली. पडदा सरकला तर बाप्पा एका हिरव्यागार खोऱ्यात बसलेले, बाजूला कांद्याच्या घुमटाचं चर्च, मागं लाकडाचे ओंडके. निम्म्या लोकांना ते काश्मीर वाटलं, निम्म्यांना स्वित्झर्लंड. सगळ्यांनी भरपूर फोटो काढले. अध्यक्षांनी आभार मानताना "कोकणच्या निसर्गाचा सुंदर देखावा" असं म्हटलं, तेव्हा काका खुर्चीतून अर्धे उठले होते. मी त्यांना हाताला धरून बसवलं.

कारणाबद्दल तर्क पुष्कळ होते. कंपनीनं त्यांना तिकडं पाठवलं असणार, असं एकाचं मत. प्राजक्ताचं म्हणणं वेगळं. "यार, तिकडं यांचं कोणीतरी असणार." मी एकदा धीर करून काकांनाच विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात तिथं?"

"मी? मी युरोपात विमानसुद्धा बदललेलं नाही," काका म्हणाले. मग मी विचारायचंच सोडून दिलं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ड्राइव्ह करायला बंदी आली. शनिवारी दुपारी ते आमच्या दारात हजर. डोळ्यावर काळा चष्मा, हातात डबा. "एका ठिकाणी सोडतोस? वेळ लागेल थोडा."

गाडीत डब्याचा वास सुटला होता. आत खसखस भरलेला गोड पाव होता, काकांनी स्वतः भाजलेला. "हानासाठी," ते म्हणाले. मला प्राजक्ताचा तर्क आठवला आणि मी रस्त्याकडं बघत राहिलो.

हाना ही त्यांची पूर्वीची शेजारीण. आम्ही राहतो ते घर एके काळी तिचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मधे एक मालक होऊन गेला होता. काका-काकू दोघं नोकरीला जायचे तेव्हा त्यांची मुलगी हानाकडं असायची. काकूंनी तिला साबुदाण्याची खिचडी शिकवली, तिनं काकूंना हा खसखशीचा पाव. ती क्रपनित्सेची. गावात रशियन रणगाडे आले त्या वर्षी नवऱ्याबरोबर निघाली आणि कितीतरी वर्षं तिला परत जाऊ दिलं नाही. आता नव्वदीच्या आसपास होती. आधी माणसांची नावं गेली, मग इंग्रजी गेलं. तिची मुलं व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बोलायची आणि ती दुसरीकडं बघत बसायची.

"म्हणून मी शिकलो," काका म्हणाले. "फोनवर शिकतो थोडं थोडं. गावाची वेबसाइट आहे, तिथं नदीचं पाणी रोज कळतं. ती मला तिथलाच समजते, वरच्या आळीतला. पण पाठ करावं लागतं. एकदा पूल चर्चपाशी आहे म्हणालो, तर दुपारभर रडली. तिला वाटलं, गावच हलवलं कोणीतरी. इथं दुसरं कोण ऐकणार? म्हणून तुम्हा लोकांपुढं म्हणून बघतो."

आमच्या सगळ्या पॉटलकची संगती मला तिथं लागली.

वृद्धाश्रमातल्या आपल्या खोलीत हाना खिडकीशी बसली होती. लहानखुरी बाई, केस नीट विंचरलेले. काकांनी "दोब्री देन" म्हणून नमस्कार केला. तिनं माझ्याकडं संशयानं बघून काहीतरी विचारलं. काका हळूच म्हणाले, "तुला पोस्टमन समजतेय. मान हलव." मी हलवली. तिनं हात पुढं केला. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं, मी पुन्हा मान हलवली. तिला माझं काम पसंत पडलं नाही.

मग काकांनी पाणी सांगितलं. गिरणी सांगितली, ऊन कधी डोंगरामागं गेलं ते सांगितलं. शब्द मला कळत नव्हते, पण पाढे ओळखीचे होते. ती पाव खात ऐकत होती. चुकलं तिथं बोट वर करत होती.

अचानक तिनं एक प्रश्न विचारला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"त्यांच्या घरामागचं अक्रोडाचं झाड आहे का अजून, म्हणून विचारते." काकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. पुलाच्या जागेवरून भर पॉटलकमध्ये भांडणारा हा माणूस. हाना त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली होती. शेवटी काका सावकाश काहीतरी बोलले आणि दोन्ही हातांनी एवढा मोठा ढीग दाखवला. ती हसली. हातातला पाव तिनं बशीत ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच हसत राहिली.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, बाहेर बघितलं आणि काकांच्या हातावर थोपटून म्हणाली, "बेझ दोमू. मामा चेका." काका शहाण्या मुलासारखे लगेच उठले.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "झाड आहे का खरंच?"

"काय माहीत," काका म्हणाले. "यंदा फार अक्रोड लागले म्हणून सांगितलं."

"आणि शेवटी काय म्हणाली?"

"अंधार पडायच्या आत घरी जा, आई वाट बघत असेल. दर वेळी म्हणते." त्यांनी सीटबेल्ट लावला. "मी पण दर वेळी 'निघतोच' म्हणतो."

आमच्या घरांकडं वळायचा रस्ता आला तसा मी इंडिकेटर लावला. काका समोर बघत होते. "घाईत नसलास तर सरळच घे जरा," ते म्हणाले. "पुढच्या सिग्नलवरून फिरून येऊ."

मी सरळ गेलो. पुढच्या सिग्नललाही वळलो नाही.