दिवंगत आंटींचा शितो

छत्तीस वर्षांत फ्रिम्पोमा आंटींचा शितो एकदाही खाली लागला नव्हता. ही गोष्ट त्या स्वतःच सांगत, आणि कुणी न विचारता सांगत. शितो म्हणजे भाताबरोबर खायची तिखट काळी चटणी: आलं, कांदा, मिरची, सुक्या मासळीची आणि सुक्या कोळंबीची पूड तेलात घालून काळीभोर होईपर्यंत ढवळत राहायचं, आणि शेवटच्या तासात डाव एक मिनिटही थांबवायचा नाही. थांबला की संपलं. "नवरा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ढवळत ढवळतच रडले," असं त्या म्हणत. हे खोटं आहे असं म्हणायची बोन्सुक्रोम गावात कुणाची छाती नव्हती.

ही छत्तीस वर्षं त्यांनी गावच्या निवासी हायस्कूलच्या भटारखान्यात काढली. शाळेच्या कागदांवर त्यांचं नाव 'स्वयंपाकी क्रमांक चार' असं होतं. त्या निवृत्त झाल्या त्याच दिवशी हेडमास्तर बाफोंना कुमासी शहरात तातडीचं काम निघालं, म्हणून निरोप समारंभ पुढं ढकलला. सहा वर्षं झाली तरी तो पुढंच होता. शाळेची भेट म्हणून भिंतीवरचं एक घड्याळ मात्र शिपायाच्या हाती घरपोच आलं. त्यात सेल नव्हते.

यंदा शेवटच्या वर्षाच्या वाणिज्याच्या मुलांना एक छोटा धंदा चालवून दाखवायचा होता. कुमासीत शाळाशाळांची स्पर्धाही होती. मुलांनी शितो निवडला, कारण वसतिगृहात असा एकही पोरगा नाही ज्याच्या ट्रंकेत शितोची बाटली नसते. वाणिज्याचे आसिबे सर पाककृती मागायला आंटींच्या दारात आले. हे आसिबे सर याच शाळेत विद्यार्थी असताना दुसऱ्यांदा भात मागायला भटारखान्याच्या खिडकीशी यायचे, त्यामुळं आंटींनी त्यांना 'अरे आसिबे' म्हणायचं काही सोडलं नव्हतं. त्यांच्यासोबत योस्त नावाचा एक उंचच उंच गोरा पोरगा होता. तो हॉलंडहून तीन महिन्यांसाठी स्वखर्चानं आला होता, मुलांना धंदा शिकवायला. त्यानं स्वतः आजवर एक जुनी सायकल विकली होती.

"पाककृती देते, ढवळायलाही येते," आंटी म्हणाल्या. "मला दुसरं काही नको. बाटलीवर माझं नाव पाहिजे. पूर्ण. एलिझाबेथ फ्रिम्पोमा. क्रमांक चार नको."

आसिबे सरांनी शब्द दिला. मुलांच्या कंपनीची प्रमुख अब्राफी नावाची चुणचुणीत मुलगी होती, तिनं ते वहीत लिहून घेऊन खाली दोन रेघा मारल्या. आंटी दोन आठवडे रोज गेल्या, मुलांना ढवळायला शिकवलं, चार जणांचा डावावर हातही बसला. मग लेबलं छापून आली. त्यांवर 'सोनेरी भविष्य' असं लिहिलं होतं.

हे योस्तचं डोकं. त्यानं मुलांना फळ्यावर गोल काढून समजावलं होतं की तरुण गिऱ्हाइकाला म्हातारीचं नाव भिडत नाही, भविष्य भिडतं. आंटींनी लेबल उलटसुलट करून पाहिलं, मागंही नाव नव्हतं. त्यांनी अंगावरचा एप्रन काढून त्याची घडी केली आणि त्या घरी गेल्या. त्याच दुपारी मुलांच्या हातून शितो लागला. असा लागला की भविष्य पातेल्याच्या बुडाला चिकटलं, आणि ते खरवडायला दोन दिवस गेले.

योस्त पोरगा वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत होती. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याला आंटींचं मन राखायचं होतं. त्यानं ठरवलं की बाटलीवर नाव नाही तर नाही, गावभर त्यांचं मोठं पत्रक लावू. पण योस्त कुठलंही काम अभ्यासाशिवाय करत नसे. तो सलग दोन दुपारी गाड्यांच्या अड्ड्यावर वही घेऊन बसला आणि लोक कुठल्या पत्रकासमोर थांबतात हे मोजत राहिला. फोनकंपनीच्या पत्रकाकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सरबतवाल्याच्या पत्रकावर बकरी पाठ घासत होती. पण काळ्या-लाल चौकटीत एकाच माणसाचा मोठा फोटो असलेली जी पत्रकं होती, त्यांच्यासमोर प्रत्येक जण थांबत होता, खालची अक्षरं शेवटपर्यंत वाचत होता, मान हलवत होता. एका बाईनं तर डोळे पुसले. 'गिऱ्हाइकाशी विलक्षण भावनिक नातं', असं योस्तनं वहीत टिपलं. गावातले प्रतिष्ठित लोक अशी स्वतःची जाहिरात करतात अशी त्याची समजूत झाली. दोन महिने गावात राहून त्याला एवढंच कळलं नव्हतं की त्या पत्रकांवरची सगळी माणसं मेलेली होती.

कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण शाळेला सुट्टी लागली होती, मुलं आपापल्या घरी, आसिबे सर पेपर तपासायला कुमासीला. योस्तला सगळ्यांना चकित करायचं होतं. तो छापखान्यात गेला, आंटींचा ठेवणीतल्या कापडातला फोटो दिला आणि म्हणाला, अगदी त्या पत्रकांसारखंच पाहिजे. मजकूर त्यानं स्वतः लिहिला होता: 'मॅडम एलिझाबेथ फ्रिम्पोमा. छत्तीस वर्षं हजारो मुलांना जेवू घातलं. ते हात आता विसावले. त्यांचं काम आम्ही पुढं नेऊ. शनिवारी सकाळी नऊला शाळेच्या मैदानावर सर्वांनी यावं.' छापखानेवाल्यानं टोपी काढली, दोन्ही हातांनी योस्तचा हात धरला आणि फार मोठं माणूस होतं म्हणाला. योस्त म्हणाला, हो ना. मग छापखानेवाल्यानं आपल्याकडून फोटोच्या बाजूंना दोन मेणबत्त्यांची चित्रं घातली. वर बाटल्यांसाठी एक हजार लेबलंही केली, कारण शोकाला आलेल्यांना काहीतरी आठवणीची वस्तू द्यायची रीतच आहे. लेबलावर आंटींचा फोटो होता आणि खाली दोन वाक्यं: 'यांच्या हातचा शितो कधी खाली लागला नाही. त्यांच्या प्रेमळ स्मृतीस.' योस्त खूश झाला. आठवणी विकल्या जातात हे तो कॉलेजातच शिकला होता. वरती पूर्ण नावही होतं, म्हणजे आंटींचीही इच्छा पुरी झाली.

शुक्रवारी सकाळी फ्रिम्पोमा आंटी बाजारात गेल्या तर मासळीवालीभोवती बायका जमल्या होत्या. मासळीवाली पदर डोळ्याला लावून सांगत होती की परवाच तर येऊन गेली, केवढी घासाघीस केली, शेवटचीच म्हणून मी थोडी जास्त घातली असती, पण मला काय ठाऊक. तिनं मान वर केली, समोर आंटी दिसल्या आणि सगळी टोपली चिखलात गेली.

"घासाघीस मी नाही, तू केलीस," आंटी म्हणाल्या.

मग कुणीतरी त्यांना पत्रकासमोर नेऊन उभं केलं. आधी त्या घाबरल्या, हे खरं. नंतर राग आला, तोही खरा. पण या दोन्हीच्या मधे एक क्षण असा गेला, जो त्यांनी पुढं कुणालाही सांगितला नाही. फोटो चांगला आला होता. आणि त्याखाली त्यांचं पूर्ण नाव, एकही अक्षर न चुकता, राजवाड्याच्या भिंतीइतकं मोठं छापलेलं होतं. त्यांना बरं वाटलं.

घरी आल्या तर अंगणात धाकटा भाऊ. टेचिमानहून तीन तास प्रवास करून आलेला, शोकाचं लाल कापड गुंडाळलेला, चार वर्षांत पहिल्यांदा. तो चुलतभावाशी आंटींच्या शिलाई मशीनवरून भांडत होता. बहीण फाटकातून आत आली तसा तो आधी पांढरा पडला, मग रडला, मग जरा चिडलाच.

"अगं, पण मी तंबू सांगितलाय ना ताई."

"राहू दे तंबू," आंटी म्हणाल्या. "येतील तेवढे येऊ देत. बघू कोण कोण येतंय."

शनिवारी आठ वाजताच मैदान काळ्या-लाल कापडांनी भरलं. निवृत्तीच्या दिवशी एक शिपाई आला होता, आज चारशे माणसं. योस्त टेबलामागं उभा राहून सगळ्यांना हसून नमस्कार करत होता, आणि एवढ्या दुःखात हा पोरगा किती धीरानं घेतोय म्हणून बायका त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. आंटी शिकवायला येत होत्या तेव्हा भरून ठेवलेल्या दोनशे बाटल्या अर्ध्या तासात संपल्या. स्पर्धेच्या तपासणीसबाई कुमासीहून नेमक्या त्याच दिवशी आल्या होत्या. त्यांनी गर्दी बघितली, लेबल वाचलं, काळा चष्मा लावला, 'दिवंगत स्वयंपाकिणीचा वारसा जपणारी मुलं' असं अहवालात लिहिलं आणि पुढच्या शाळेला निघून गेल्या.

आणि मग आंटी आल्या, नखशिखान्त पांढऱ्या कापडात. पहिल्या चार रांगा उठून मागं पळाल्या. हेडमास्तर बाफो माइकसमोर होते, हातात चार पानी श्रद्धांजली, त्यांना पळायला जागा नव्हती. आंटी शांतपणे पुढच्या खुर्चीत बसल्या.

"वाचा ना सर," त्या म्हणाल्या. "लिहून आणलंय तर."

हेडमास्तरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. भोंगे चालू होते. त्यांनी वाचलं. आंटी किती मायाळू होत्या, किती कष्टाळू होत्या, त्यांचा भात किती मोकळा होता. आंटी मान डोलावत ऐकत होत्या. हे सगळं त्यांना सहा वर्षांपूर्वी ऐकायचं होतं. तेव्हाही त्यांनी आनंदाच्या दिवशी नेसायचं हेच पांढरं कापड इस्त्री करून ठेवलं होतं.

"आणि त्यांनी आयुष्यात कधीही, कुणाकडंही, काहीही मागितलं नाही," हेडमास्तरांनी शेवटचं पान वाचलं.

"मागितलं होतं," आंटी म्हणाल्या. "नाव मागितलं होतं. ते मी मेल्यावर दिलंत."

भोंग्यातून हे गाड्यांच्या अड्ड्यापर्यंत ऐकू गेलं. योस्तला कुणीतरी कानात सगळं समजावलं आणि तो टेबलामागं मटकन खाली बसला. त्यानं आंटींची माफी मागितली, दोनदा मागितली, खरोखर रडला, आणि त्यालाच पाणी द्यायला आंटींना उठावं लागलं.

इथं हे प्रकरण मिटायला हवं होतं. पण सोमवारी कुमासीहून पत्र आलं. दिवंगत स्वयंपाकिणीच्या वारशानं भारावून बोन्सुक्रोमच्या शाळेला थेट अंतिम फेरीत घेतलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की माहिती खोटी निघाली तर संघ बाद.

शाळेनं त्या दिवशी अशी घाई केली जशी आंटींसाठी कधी केली नव्हती. हेडमास्तर स्वतः घरी आले, पहिल्यांदाच. आसिबे सर मागं खाली मान घालून उभे होते. फक्त पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, हेडमास्तर म्हणाले, मुलांच्या भविष्याचा प्रश्न आहे. कुमासीला येऊ नका, एवढंच. आणि कुणी विचारलंच तर, म्हणजे, विचारायला तुम्ही तिथं नसालच.

आंटींनी आसिबे सरांकडं पाहिलं. "अरे आसिबे, तूही?"

उत्तर दिलं ते त्यांच्यासोबत आलेल्या अब्राफीनं. तिनं आंटींचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की जिंकलो की स्टेजवर माझ्या हातात माइक देतील. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगेन की आमच्या आंटी जिवंत आहेत आणि शितो त्यांचा आहे. मग बाद करायचं तर करू देत.

त्या एका बोलीवर आंटी कबूल झाल्या. दोन आठवडे त्या स्वतःच्या घरात लपून शितो ढवळत राहिल्या, आणि योस्त मागच्या दारानं बाटल्या नेत राहिला. प्रत्येक बाटलीवर त्यांचं पूर्ण नाव होतं.

स्पर्धेच्या दिवशी गावच्या एफएमवर थेट प्रसारण होतं. आंटींनी रेडिओ चुलीजवळच्या फळीवर ठेवला. पातेल्यात शेवटचा तास चालू होता. निकाल लागला, बोन्सुक्रोम पहिलं, टाळ्यांनी रेडिओ थरथरला. आंटी डाव फिरवता फिरवता हसल्या. मग अब्राफीचा आवाज आला, जरा कापणारा.

"आज मला इथं आमच्या फ्रिम्पोमा आंटींबद्दल एक गोष्ट..."

आणि रेडिओ बंद पडला. आंटींनी त्याला एक रट्टा दिला, मग दुसरा. काही नाही. सेल गेले, आणि गेले ते नेमके आत्ता. त्यांनी डाव पातेल्यात सोडला, स्टुलावर चढल्या, भिंतीवरचं शाळेचं घड्याळ उतरवलं, त्यात स्वतःच घातलेले सेल काढले, रेडिओत बसवले, बटण फिरवलं. आवाज आला. पण तो अब्राफीचा नव्हता, हेडमास्तर बाफोंचा होता.

"धन्यवाद. बसा आता. मुलगी फार भावुक झाली होती, म्हणून मीच माइक घेतला. दिवंगत मॅडम फ्रिम्पोमांसाठी आपण सर्वांनी जी एक मिनिट शांतता पाळली..."

सेल मुळात गेलेच नव्हते. आंटी सेल नसलेलं घड्याळ हातात धरून उभ्या राहिल्या. पोरीनं बोलायचा प्रयत्न केला होता की नव्हता, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं, आणि ती परत आल्यावर त्या विचारणारही नव्हत्या. मग नाकात वास गेला. त्यांनी धावत जाऊन डाव धरला, पण तो बुडाशी हलेना.

त्यांनी पातेलं उतरवलं, वरचा काढण्यासारखा होता तो शितो एका बाटलीत भरला आणि सवयीनं लेबल चिकटवलं. त्यावरच्या दोन वाक्यांतलं दुसरं छापल्यापासूनच खोटं होतं. पहिलं, कधी खाली न लागल्याचं, आज झालं. ती बाटली त्यांनी हेडमास्तरांसाठी बाजूला काढून ठेवली.