वानखेड्यांचं हेड ऑफिस

लिफ्टमध्ये भेटल्यावर वानखेडे नमस्कार करत नाहीत. "पोट कसं हाये, भाऊ?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता तुमच्या हातातल्या डब्याकडे बघतात. डब्यात सँडविच निघालं तर पुढच्याच मजल्यावर उतरून जातात. आमच्या इमारतीतली आयटीतली पोरं ही तपासणी टाळायला जिन्याने ये-जा करतात.

वानखेडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पत्नी सुशीलाबाईंसह अमरावतीहून बाणेरला मुलाच्या फ्लॅटवर आले. काही महिन्यांतच मुलाला कंपनीने परदेशी पाठवलं. तेव्हापासून सुशीलाबाई जवळजवळ बोलतच नाहीत, हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. विचारत कोणी नाही.

वानखेडे मात्र दोघांचं बोलतात, तेही चालता चालता. पार्किंगमधल्या गाड्यांना ते फेऱ्या घालतात. ऐकणाऱ्याने मागोमाग जायचं.

"डोकं नुसतं ब्रँच ऑफिस हाये. हेड ऑफिस पोटात. तिथले चांगले जंतू चोथ्यावर जगतात. आपल्याले जो पचत नाही, तो त्याहिचा पगार. तुम्ही त्याहिले मैदा देता. मंग ते संपावर, अन् वर तुमचा मूड खराब."

पगाराची सोय म्हणून ते कच्ची केळी, लसूण, ज्वारी आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला भात घरोघर पोचवतात. भाताला शिळा म्हटलेलं त्यांना खपत नाही. "मुरलेला म्हणा."

सोसायटीच्या वार्षिक सभेचा अल्पोपाहार त्यांनी मागून घेतला. कच्च्या केळ्याची भाजी, कडधान्यांची उसळ, वर लसणाची चटणी. आग्रह करकरून वाढलं. लिफ्टचा विषय निघेपर्यंत सभासद खुर्चीत चुळबुळ करू लागले. मग एकेक जण फोन आल्यासारखा बाहेर पडला. सभा तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी वानखेडे प्रत्येकाला गाठत होते. "झोप लागली? उदास वाटते का?"

"अहो," अध्यक्ष म्हणाले, "उदास व्हायला आपण सवड कुठे दिलीत?"

त्या संध्याकाळी मी वानखेड्यांचं सभेतलं पातेलं परत करायला गेलो. दार उघडं होतं. सुशीलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. वानखेडे वाटी घेऊन त्यांच्यासमोर वाकले होते.

"लोकाईले एकदम जास्त देल्लं मी. चुकलंच. तुले थोडंच आणलं. गोळ्या चालूच राहतील, हे सोबत. डॉक्टर म्हणाले ना, पोट अन् मन जोडलेलं असते? गोळीतलं मले काही समजत नाही, सुशीला. एवढं तरी करता येते."

बाईंनी एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या.

वानखेडे धावत स्वयंपाकघरात गेले आणि मिठाचा डबा घेऊन आले. चमचा भरला, पण वाटीत टाकला नाही.

"किती टाकू?" त्यांनी विचारलं.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"थोडं? का जास्त? तू सांगशील तेवढंच टाकतो."